अनंताच्या पडद्यावरची गाळलेली ओळ

गणपती पोचवून झाले होते आणि मी स्टुलावर उभी राहून मखरावर टांगलेली फळापानांची माटोळी सोडत होते. सुपारीचा घोस खाली दिला, आंबाड्यांच्या डहाळीला हात घातला आणि फोन वाजला. आमच्या ह्यांनी तो उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे आमोण्याहून अनंताची बायको, सुलभावैनी. "टीचर, ते गेले गो," एवढंच म्हणाल्या. मी "कधी?" विचारलं, आणि विचारताना मनात काय आलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मनात आलं, सुटले मी एकदाची. कारण पंधरा दिवसांपूर्वी त्याला बघायला गेले होते तेव्हा त्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती आणि मी "चवथ झाली की येते" म्हणून उठले होते. चवथ झाली. आता कुठे जायची गरज राहिली नाही, असं वाटलं... आणि मग ती आंबाड्यांची डहाळी हातातच धरून मी स्टुलावर बसून राहिले.

बाराव्यानंतर डिचोलीत शोकसभा झाली. चांगली झाली, माणसं खूप होती. अनंताने गावोगावी जाऊन लोकांना कसे सिनेमे दाखवले, कुणाचा मिंधा कसा झाला नाही, हे सगळ्यांनी सांगितलं. पण दोघांनी बोलता बोलता तो किस्सा काढलाच. एकजण म्हणाला, "शेवटी माणूसच. ट्रकवाल्यांपुढे एकदा तोही नमला. पण एका डागाने माणूस लहान होत नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. हे धादांत खोटं आहे हे तिथे मला एकटीला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? पदराने चष्मा पुसला. वर्षानुवर्षं गप्प बसायची सवय लागली की तोंड आपोआप मिटतं बघा.

म्हणून हा लेख. श्रद्धांजली म्हणून वाचायला घेतला असेल तर माफ करा, हा कबुलीजबाब आहे.

अनंत मूळचा पेडण्याकडचा, लग्नानंतर आमोण्याला स्थायिक झालेला. धंदा लाऊडस्पीकरचा. लग्नं, मुंजी, जत्रा, सगळीकडे ह्याचे कर्णे. कुठल्याशा शिबिराला माइक लावायला गेला आणि तिथे त्याने एक माहितीपट पाहिला. धरणात गाव गेलेल्या लोकांचा. नटनट्या नाहीत, गाणी नाहीत, साधी माणसं आपलं दुखणं सांगतायत आणि कुठल्या मंत्र्याला, कुठल्या कंपनीला नावानिशी जाब विचारतायत. परत आला तो भारावूनच. "टीचर, हे आमच्या लोकांनी बघूक जाय," एवढाच जप. मग स्वतः पत्रं लिहून, फोन करून दिग्दर्शकांकडून फिल्मा मागवायला लागला. ती मंडळीही अशीच, पदरमोड करून कॅमेरा घेऊन फिरणारी. ती पोस्टाने तबकड्या पाठवायची, पुढे पेनड्राइव्ह. वर्षातून तीन दिवस हा महोत्सव. नाव भलंमोठं ठेवलं होतं, पण लोक म्हणायचे "अनंताचो पडदो". कधी डिचोलीजवळच्या देवळाच्या सभामंडपात, कधी हरमलच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात रिकाम्या पडलेल्या शॅकमध्ये. कॉलेजने एकदा हॉल दिला आणि आदल्या दिवशी काढून घेतला. पोलीस सेन्सॉरचं सर्टिफिकेट विचारायला यायचे, त्यांनाही हा खुर्ची द्यायचा. "बसा, बघून जावा," म्हणायचा. एक हवालदार खरंच शेवटपर्यंत बसला होता आणि जाताना डोळे पुसत गेला. कंपनीचा फलक मात्र अनंताने कधी लावू दिला नाही. ना खाणवाल्यांचा, ना हॉटेलवाल्यांचा. आणि फिल्म पाठवणाऱ्याला शब्द दिलेला असायचा, तुमचं एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही.

घोडं अडलं ते भाषेपाशी. फिल्म कधी उडियात, कधी तमिळमध्ये, खाली अक्षरं इंग्रजी. आमच्या बायाबापड्यांनी काय वाचावं? तेव्हा त्याला मी आठवले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, हे एक. दुसरं म्हणजे आमच्या गावच्या काल्याच्या जत्रेतल्या नाटकाला कर्णे अनंताचे आणि वीस वर्षं प्रॉम्प्टर मी. विंगेत पाटावर बसून अख्खं संगीत नाटक मी नटांच्या तोंडात घातलेलं आहे. अनंत घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "तू नाटकाक प्रॉम्प्ट करतंस मगो? तसाच करूचा. पडद्यावर ओळ आयली की मराठीत सांगूचा. फकत हळू नको, मोठ्यान." झालं, मी बाजूला खुर्ची टाकून माइकवर फिल्म वाचायला लागले. त्याची शिस्त कडक. फिल्म आली की तो आधी दहा वेळा बघायचा, वहीत एकेक ओळ उतरवायचा, माझ्याकडून तिचं मराठी करून घ्यायचा, आणि समासात बारीक अक्षरात सूचना लिहायचा. "इथे थांब." "इथे रडवेली होऊ नको, ती रडत नाही." माझे प आणि फ माइकवर फटाफट फुटायचे म्हणून त्याने माझाच रुमाल मागून घेऊन माइकला बांधला. पहिल्या वर्षी बांधला तो कायमचाच.

आता प्रॉम्प्टरचं एक गुपित सांगते, आमच्या गोव्यातल्या नाटकवाल्यांना ते ठाऊक आहे. प्रॉम्प्टर फक्त वाचत नाही, कापतोही. पालखीची वेळ जवळ आली की दोन पानं उडवायची. पुढच्या रांगेत देवस्थानचे महाजन बसलेत आणि ओळ त्यांना झोंबेल, तर ती द्यायचीच नाही, आधीची ओळ पुन्हा देऊन नटाला पुढे ढकलायचं. कुणी सांगावं लागत नाही. हात बसलेला असतो. त्याला आम्ही हुशारीच समजत आलो.

ज्या वर्षाचा तो किस्सा, त्या वर्षी अनंताने खाणींवरची फिल्म मागवली होती. आपल्या खाणी नव्हेत, दूर कुठल्या राज्यातल्या. पण डोंगर तसेच सोललेले, शेतं तशीच लाल चिखलाने भरलेली. सभामंडप खचाखच भरला. पहिल्या रांगेत कोण? ट्रकवाले. आणि त्यांच्या मधोमध आमचे हे. आमचाही एक ट्रक होता, खनिजावर चालायचा. त्यावर घर चालत होतं, पोरांची शिक्षणं चालत होती. ट्रकवाले वाद घालायलाच आले होते, पण फिल्म कंपनीला बोलत होती तोवर तेही निमूट ऐकत होते. मग ती म्हातारी आली पडद्यावर. डोक्यावर पाटी, कमरेवर हात. तिची ओळ मला पाठ होती, मीच तिचं मराठी केलं होतं. ओळ आली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या शेजारी बसलेला ट्रकवाला हात पोटावर ठेवून माझ्याकडेच बघत होता... आणि मी आधीचीच ओळ पुन्हा वाचली. "कंपनीने आमचं पाणी नेलं." म्हातारीचे ओठ हलत राहिले, बोट पुढे करून ती कुणालातरी काहीतरी विचारत राहिली, आणि मी दुसऱ्यांदा कंपनीने पाणी नेल्याचं सांगितलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. ह्यांनी डोळ्याने खूणही केली नव्हती. माझी मीच ती ओळ गिळली.

फिल्म संपली, दिवे लागले, चर्चा सुरू झाली. पेडण्याहून आलेली एक तरुण वकील उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली, "खाली इंग्रजीत ट्रकवाल्यांविषयी लिहिलं होतं. ते वाचलंच नाही. का?" माझ्या हातात माइक होता. तेवढ्यात मागून, प्रोजेक्टरजवळून, अनंताचा आवाज आला. "ती ओळ मी काढूक सांगितली. वाचणाऱ्याची चूक ना. माझी."

माइक माझ्याकडे होता हो! एक वाक्य बोलायचं होतं. "त्याची नाही, माझी," संपलं. मी रुमालाची गाठ सोडत बसले.

पुढे काय व्हायचं ते झालं. त्या वकील मुलीने लिहिलं, तिचं काहीच चुकलं नाही. दिग्दर्शकाचं पत्र आलं, विश्वासघात केलात म्हणून. फिल्मवाल्यांचं जग लहान, बातमी सगळीकडे पोचली. एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही म्हणणाऱ्याने ओळ कापली! इकडे गावात बोलायला लागले, ट्रकवाल्यांनी अनंताला खिशात घातला. दुसऱ्या वर्षी फिल्मा आल्या दोनच. अनंत नेहमीसारखा यादी घेऊन माझ्याकडे आला, मी परीक्षांचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी घशाचं. पडद्याला वाचणारं कुणी राहिलं नाही, पाठवणारंही राहिलं नाही, आणि अनंताचो पडदो गुंडाळला गेला. तो बिचारा कर्णे लावत राहिला. जत्रेत दिसला तर हसायचा, "टीचर, घसो बरो मगो?" विचारायचा. मला त्याचा राग यायचा. खरंच सांगते. भांडला असता, चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर मी उलटून दोन शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. ह्या माणसाने मला तेवढीसुद्धा संधी दिली नाही.

आणि ज्याच्यासाठी हे केलं तो ट्रक? खाणी बंद पडल्या, ट्रक आमच्या अंगणात गंजत उभा राहिला, त्याच्या टपावर दुधीचा वेल चढला, आणि शेवटी तो भंगारात गेला.

शेवटच्या भेटीत अनंत खिडकीजवळ खाटेवर होता. पार वाळला होता. वैनी चहाला आत गेल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, इतक्या वर्षांनी. "तसा कित्याक सांगितलंस रे?" तो म्हणाला, "तुका त्याच ट्रकवाल्या घराक जावचा होता गो. माझा काय, माझा घर पडद्यामागे." आणि मग, दम खात, "पण ती ओळ एकदा वाच. माका आयकूक जाय. ती म्हातारी थंय अजून उबी आसा." वही उशाशीच होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. दोन मिनिटांचं काम. पण आतून कपबशांचा आवाज आला, वैनी येतील, ऐकतील, विचारतील... मी म्हटलं, "चवथ झाली की येते, सावकाश वाचते." तो म्हणाला, "ये." तो शब्द अजून कानात आहे.

शोकसभेहून घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं की मी हे सगळं पेपरात लिहिणार. वाटलं, चिडतील. हे विड्याच्या पानाच्या शिरा काढत होते, काढतच राहिले. म्हणाले, "लिही. माका त्याच दिवशी कळलेला. म्हातारी बोट दाखयता आनी तू पाण्याचा सांगतंस... ट्रक गेलो मोडीत, आता कोणाक राखतंस?" म्हणजे हेही गप्पच. एका घरात दोघं, एकाच गोष्टीवर, इतकी वर्षं गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोण्याला गेले. वैनींनी अनंताची खोली उघडून दिली. पडदा घडी घालून ठेवलेला, कर्णे कापडाखाली, आणि मेजावर माइक. माइकला माझा रुमाल. स्वच्छ, परीटघडीचा. "दर चवथीक धुवून परत बांधीत," वैनी म्हणाल्या. "टीचर येतली म्हण." मी वही उघडली. ते पान सापडलं. म्हातारीच्या ओळीपुढे समासात त्याचं बारीक अक्षर, "इथे घाई नको. आपल्याच माणसांना सांगते आहे."

मी वैनींना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे ह्येंनी काडूक सांगितली ना ती ओळ?" मी मान हलवली. "आनी मी तेंका बोललंय गो. लोकांक भियालास, शब्द मोडलास म्हणून बोललंय. म्हयनोभर जेवण वाडून समोरसून उठान जाय. एक शब्द बोलूक नाय माणूस..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तशाच उठल्या, माइक मेजावरून उचलला, रुमालाची गाठ घट्ट केली आणि तो माझ्या तोंडापुढे धरला. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"वाच," म्हणाल्या. "मोठ्यान."

मी वाचलं, आणि इथेही वाचते, त्या संध्याकाळी सभामंडपात जे होते त्या सगळ्यांसाठी. म्हातारी म्हणते,

"कंपनीला शिव्या देता, द्या. पण आमच्या शेतातली धूळ कंपनीने स्वतः नाही उडवली. ट्रक चालवतात ते आमचे लेक, ट्रकांचे मालक आमचे भाऊ, आणि त्यांच्या बायका घरात बसून दारं लावून घेतात. त्यांना कोण विचारणार?"

ही ओळ अनंताने गाळायला सांगितली नव्हती. मी गाळली होती.