फ्रीजरमधले झिंगे

मी फारसं बोलत नाही. घरचे त्याला शांत स्वभाव म्हणतात. खरं म्हणजे, बोललो की खरं सांगावं लागेल या भीतीनं मी गप्प असतो. आता सांगूनच टाकतो. आमच्या घरात अंडंही चालत नाही, आणि त्याच घराच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली, मी कितीतरी महिने झिंगे ठेवत होतो.

माझ्यासाठी नव्हे. अकोल्याच्या आमच्या हॉलमध्ये काचेच्या टाकीत एक ऑस्कर मासा आहे. तळहाताहून मोठा, काळाभोर, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. मी कामावरून आलो की तो काचेला तोंड लावून शेपटी हलवतो. तोंडात मावेल ते सगळं खातो. आईला मात्र मी फोनवर सांगितलं होतं, की तो दुकानातले दाणे खातो. खातोही, पण आजाऱ्यानं मुगाची खिचडी खावी तसा. खरं कळलं असतं, तर आईनं त्याला एक दिवस घरात ठेवला नसता.

गेल्या श्रावणात आई चांदूर बाजारहून राहायला आली. बायकोनं आधीच बजावलं होतं, "ते झिंग्यांचं डबडं काढा, नाई तर मी सांगून देईन." मी आज-उद्या करत राहिलो. नैवेद्याचं लोणी झिंग्यांच्या खालच्याच कप्प्यात येऊन बसलं आणि माझी झोप उडाली.

आईला मासा फार आवडला. पूजा झाली की कणकेच्या गोळ्या करून टाकीत सोडायची. तो गोळी तोंडात घ्यायचा आणि फू करून बाहेर टाकायचा.

"लाडावून ठेवला तुनं याले," आई म्हणायची. "कणकेले तोंडच नाई लावत!"

एका सकाळी ती भाजीला गेली आणि परतली ती पाण्याच्या पिशवीत तीन इवले सोनेरी मासे घेऊन.

"बिचारा एकटाच असते. त्याले सोबत आणली."

मी चहा पीत होतो. 'थांब' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग तिनं 'काहून?' विचारलं असतं. मी कपात पाहत राहिलो. आईनं पिशवी टाकीत रिकामी केली.

एक गेला. आई काचेजवळ वाकली. तिच्या डोळ्यांदेखत दुसराही गेला.

"अवं माय! सोबत्यायलेच खाऊन राहिला हा!"

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. मी वाटी बुडवून तिसरा कसाबसा काढला आणि ओल्या बाहीनं तिथंच उभा राहून सगळं सांगितलं. दाणे, झिंगे, फ्रीजर, लोणी.

आई टाकीकडे वळली. मला वाटलं, गेला मासा.

"त्याले काय समजते?" ती म्हणाली. "देवानं तोंडच तसं देल्लं. पण तुले तर अक्कल होती ना? लोण्याच्या डोक्यावर झिंगे!"

"चुकलं माझं."

"चुकलंच. फ्रिज तू धुशीन. झिंगे रोज लागते तेवढेच आणजो, साठवायचे नाई. अन् त्याचे श्रावण सोमवार तू धरशीन."

मी जन्मात उपास केलेला नव्हता. पहिल्याच सोमवारी दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. संध्याकाळी ऑस्करला झिंगे टाकले. आई पाटावर बसून त्याला म्हणत होती, "हळू खाय बाप्पा, कोनी नेत नाई."

"आई, मी उपास सोडू का आता?"

"दिवस बुडू दे. खाल्लं ना त्यानं तुह्या वाटचं."