जावेचं खुराडं

माझ्या थोरल्या जावेची एकही कोंबडी कोल्ह्याने कधी नेली नाही, आणि या गोष्टीचा मला कोल्ह्यापेक्षा जास्त राग होता.

मी जळगावची, पिंप्राळ्यात वाढलेली. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन धुळ्याजवळच्या मळ्यात आले. अंगण एक, चुली दोन. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे आणि जावेला मी अक्का. मळ्यामागे नाला होता, त्यात वेडी बाभूळ माजलेली, आणि कोल्ह्यांचं बिऱ्हाड तिथेच. कोंबड्या मात्र दोघींच्याही दिवसभर मोकळ्या. खळ्यावर, उकिरड्यावर, कपाशीच्या सरीत त्या उकरत हिंडायच्या.

अक्काच्या नऊ होत्या. माझ्या कधी सहा, कधी चार. आज पांढरी गेली, परवा तुरेवाली गेली, आणि सरीत पिसं पडलेली दिसली की आबा पाटावर बसून निवांत म्हणायचे, "मोठीना हातले यश शे." हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. जेवताना ऐकलं, पाहुण्यांसमोर ऐकलं. माझ्या हाताला काय धाड भरली होती?

अक्काने मला युक्ती सांगितली नाही असं नाही. पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "दिन बुडाना पहिले कोंडत जाय. आनि सकाळे दहिवर सुकावर सोड. कोल्हा आपलाबी पहिले उठस." तिचं एवढंच तंत्र. गवतावरचं दंव वाळेपर्यंत खुराड्याचं दार उघडायचं नाही आणि संध्याकाळी मूठभर दादर ज्वारी फेकून "ती ती ती" करत सगळ्या आत घ्यायच्या. पण सांगणारी ती होती ना! मी मुद्दाम तांबडं फुटायच्या आत सोडायची. जास्त फिरतील, जास्त अंडी घालतील, हा माझा हिशेब. कोल्हा सरीत बसलेलाच असायचा.

शेवटी मी हट्टाला पेटले आणि तिच्याहून पक्कं खुराडं बांधलं. तिचं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं. मी कुडाला बाहेरून बाभळीचे काटे लावले, कोल्ह्याने उकरू नये म्हणून बुडाशी दगड गाडले, दाराला पत्रा ठोकला. तिचं ऐकून वेळेवर कोंडायलाही लागले, अर्थात तिला न सांगता. कोंबड्या जायच्या थांबल्या. पण आबा काही बोलले नाहीत. माझ्या पाच, तिच्या नऊ, आणि कौतुक तिकडेच.

मग मी एक हलकट गोष्ट सुरू केली. ती हाक मारायच्या घटकाभर आधी मीच दादर फेकायला लागले, तेही मुठीने नाही, ओंजळीने. कोंबडीला जाऊ कोण आणि नणंद कोण! चार दिवसांत तिच्या नऊच्या नऊ माझ्या दारात. अक्का पलीकडे उभी राहून हाका मारायची आणि एकही वळायची नाही. मी उंबऱ्यात बसून शेंगा निवडत ते ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. ती मात्र हसत यायची, "तुले भुलन्यात व बाई," म्हणायची आणि पदर हलवत आपल्या घराकडे हाकून न्यायची.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती एकदा दुपारी कासोटा खोचत म्हणाली, "आज माले वावरमा उशीर व्हई. मन्या कोंबड्या बी कोंडी दे." तिच्याही कोंबड्या कोंडायला मी बरं म्हटलं.

संध्याकाळी दादर फेकली. सगळ्या आल्या. माझ्या पाच आत गेल्या, त्यांच्याबरोबर तिच्या दोन शिरल्या. उरलेल्या सात माझ्याच कुडाभोवती घोटाळत राहिल्या, कारण त्या आता आपलं खुराडं विसरल्याच होत्या. त्यांना हाकून पलीकडे नेणं म्हणजे वीस पावलांचं काम होतं. मी पत्र्याचं दार लावलं, दगड टेकवला आणि भाकरी थापायला घरात गेले. थापताना त्यांचा आवाज येत होता, आणि नेहमी तिच्याच का वाचाव्यात, असं माझ्या मनात आलं.

सकाळी अंगणापासून नाल्यापर्यंत पिसं होती. सातांतली एक शेपटाशिवायची पऱ्हाट्यांच्या गंजीत सापडली, ती दुपारी मेली. अक्काने मला सगळ्यांबद्दल विचारलं, "बठ्ठ्या आत गयात ना?" मी म्हणाले, "तुमच्या दोनच आल्या, बाकीच्या आल्याच नाहीत हो." आबा पाटावरून म्हणाले, "मोठीनं बी ध्यान नही राहिनं." दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकून मला आनंद झाला, आणि तो दुपारपर्यंत टिकला. दुपारी अक्का खुराडं झाडताना दिसली. त्या घरात कोंबड्यांशिवाय तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं.

तिच्या त्या दोन माझ्याकडेच राहिल्या. नेहमीसारखी हाकायला येईल असं मला वाटलं. ती आली नाही, आणि मीही दिल्या नाहीत.

आठ-दहा दिवसांनी ती आली आणि माझ्याकडे वाट्याने कोंबडी मागितली. आमच्याकडे ही रीत आहे. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, पिल्लं निम्मी-निम्मी. ती माझ्याकडे मागायला आली याचाच मला इतका तोरा चढला की मी खुडूक बसलेली पहिली दिसली ती धरून तिच्या हातात दिली. ती तिचीच कबरी होती. मला कळलं, पण हात मागे घेतला नाही. अक्काने तिला काखेत घेतलं, मानेवरून बोट फिरवलं आणि गेली.

एकवीस दिवसांनी ती सुपात पाच पिल्लं घेऊन आली. चांगली टणटणीत, निवडलेली. सूप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "कोंबडी मनीच व्हती, माले माहीत शे. पन वाटा ठरेल शे, तो तुना." आवाजात राग नव्हता. तेव्हा मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा नऊ कोंबड्यांचाही वाटला नव्हता. मी तिच्या जागी असते तर गाव गोळा केलं असतं. मी पिल्लं घेतली. 

पुढे आम्ही अकरा वर्षं त्या एकाच अंगणात राहिलो. तिच्या कोंबड्या पुन्हा वाढल्या, वेचणीला उशीरही होत राहिला. अशा दिवशी ती आबांना सांगून जायची, तोवर नजर गेलेले म्हातारे काठी टेकत उठायचे आणि एकेक कोंबडी चाचपून आत घ्यायचे. मी समोर उंबऱ्यातच बसलेली असायची. मला तिने पुन्हा कधी सांगितलं नाही.