तांब्याची इस्त्री

वडिलांचं वर्षश्राद्ध आलं होतं. ताईचा फोन आला, की त्यांच्यावर ब्लॉगवर लिहिलेलंस ते सगळ्यांसमोर वाचून दाखव. मी हो म्हणालो आणि शोधायला बसलो. सापडेना. ब्लॉगसोबत फुकट मिळालेला तो सर्च फक्त शीर्षकं बघायचा, आणि शीर्षक काय दिलं होतं ते मला आठवत नव्हतं. ‘तांब्या’ टाकलं, ‘निखारे’ टाकलं. दरवेळी तेच, काहीही सापडले नाही. अरे, माझंच घर, आणि मलाच दार उघडत नाहीस?

लेख साधा होता. वडील आकुर्डीच्या कंपनीत होते. गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी ते पितळी तांब्यात निखारे भरून युनिफॉर्मला इस्त्री करायचे. घरात विजेची इस्त्री आली तरी तांब्या सोडला नाही. शेवटी ते गेले तेव्हा तो युनिफॉर्म खुंटीला तसाच होता, एवढंच.

हा लेख सगळ्यात आधी ऐकला तो माझ्या बसमधल्या मित्राने. चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीला बसायचो, शेजारच्या सीटवर रुमाल टाकायचो. तो मोशीला चढला की रुमाल उचलायचा. नवीन काही लिहिलं की आधी त्याला वाचून दाखवायचं, मग ब्लॉगवर टाकायचं, हा आमचा शिरस्ता. तांब्याचा लेख ऐकून त्याने डोळे पुसले होते. मला केवढं बरं वाटलं होतं.

तर गुरुवारी सुट्टी होती, म्हटलं या सर्चचा निकालच लावू. जुना काढून टाकला आणि बाहेरच्या एका कंपनीचा सर्च बसवला, जो आतला मजकूरही वाचतो. बसवताना ‘फक्त हा ब्लॉग’ की ‘सगळं इंटरनेट’ असा पर्याय होता. घाईघाईत तो सगळ्या इंटरनेटवरच राहिला. मला पत्ताच नाही. मी आपलं खुशीत टाइप केलं, ‘पितळी तांब्यात निखारे’.

पहिलाच निकाल एका ऑनलाइन दिवाळी अंकाचा. वर मित्राचा हसरा फोटो, खाली माझा लेख. शब्दन् शब्द माझा. आकुर्डीच्या जागी फक्त भोसरी घातलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि शेवट? शेवटही तोच. वडील गेले, युनिफॉर्म खुंटीला. अहो, याचे वडील चाकणजवळच्या गावात धडधाकट आहेत! जन्मभर शेती केली, कंपनीचं गेटसुद्धा पाहिलेलं नाही. परवाच्या दिवाळीत त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि चकली खायला लावली. स्वतःच्या जिवंत बापाला याने मारलं, आणि माझा मेलेला बाप उचलून नेला.

शुक्रवारी बसमध्ये मी रुमाल टाकला नाही. तरी तो शेजारी येऊन बसला. मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. मला वाटलं होतं, चेहरा पडेल, निदान नजर तरी खाली जाईल. त्याने शांतपणे पाहिलं.

“तुझ्या ब्लॉगवर कुणाला सापडत होतं राव ते?” तो म्हणाला. “माझ्यामुळे लोकांनी वाचलं तरी. किती ग्रुपवर फिरलं माहितेय?”

मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याने पुसलेले डोळे मला सारखे आठवत होते. ते खरे होते की तेव्हाच त्याने ठरवलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही, आणि विचारायचीही इच्छा नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर सर्चचा पर्याय ‘फक्त हा ब्लॉग’ केला. लेख एका झटक्यात मिळाला.

श्राद्धाची जेवणं झाली. सगळे हॉलमध्ये बसले, ताईने तो तांब्या घासूनपुसून फोटोसमोर ठेवला होता. मी वाचायला लागलो. निखाऱ्यांपर्यंत आलो तोच आमचे दाजी जरा पुढे सरकले. दाजी स्वभावाने गरीब, टोमणा मारणं त्यांच्या रक्तात नाही.

“छान आहे,” ते म्हणाले, “पण हे मला मागेच आलंय. भोसरीच्या कुणाचे तरी वडील आहेत ते.”

दोघातिघांनी मान डोलावली. त्यांनाही आलं होतं.

मी मोबाइल खाली ठेवला. आणि त्या भरल्या हॉलमध्ये, वडिलांच्या फोटोसमोर बसून, हे माझे वडील आहेत असं मला एकेकाला पटवून द्यावं लागलं.