विहिरीवर पास झालेलं इंजिन

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी न पोळताच फुंकतो. त्यामुळे दाजींनी, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, नावेसाठी इंजिन बघायला सांगितलं तेव्हा आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. मी कारखान्यात फिटर. तेवढ्यावर नातलगांनी मला इंजिनांचा डॉक्टर करून ठेवलंय.

बहीण अंगणवाडीत काम करते. तिचं घर धरणाच्या फुगवट्याच्या या काठाला, अंगणवाडी त्या काठाला. दाजी रोज तिला नावेतून नेत. त्यांचा खांदा निकामी झाला आणि वल्हं मारणं बंद पडलं. बहिणीला पोहता येत नाही. मलाही येत नाही, म्हणून त्या पाण्याचा मला जास्तच धसका.

जुन्या पद्धतीचं जड इंजिन भरवशाचं, पण त्याच्या वजनानं नाव मागून पाण्यात बसली असती. हलकं हवं तर मिनिटाला तीन हजार फेरे घेणारं डिझेल इंजिन घ्यावं लागणार. इतकं पळणारं यंत्र टिकेल किती दिवस, हा माझा घोर. शेवटी शहरातल्या छावणी भागातल्या एका दुकानात वापरलेलं एक सापडलं, विहिरीच्या पंपासकट. दुकानदार म्हणाला, "पानी से ठंडा होता भाई, बेफिकर लेके जाव."

बेफिकीर होणं माझ्या रक्तात नाही. जीपमध्ये घालून मी ते गावी, पिशोरला आमच्या मळ्यात नेलं. आमच्याकडे इंजिनाची परीक्षा विहिरीवरच होते. सकाळपासून दुपारपर्यंत ते पाणी ओढत राहिलं. शेजारचे दोघं बांधावर बसून नुसता आवाज ऐकत होते. वडिलांनी इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवला, दहा अंक मोजले आणि म्हणाले, "हात टिकतोय. लई झ्याक हाय. दे पाठवून."

दाजींनी पंप काढला, त्या जागी नावेच्या पंख्याचा दांडा जोडला आणि मला मोबाईलवर फोटो पाठवला. पंपातून इंजिनाला गार पाणी पुरवणारी नळी आता एका डब्याला जोडलेली दिसत होती. मी कामावर होतो. 'चालतंय' असं लिहून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकल्या. मळ्यात इंजिन थंड राहिलं ते आमच्या विहिरीच्या ताज्या पाण्यामुळं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो आणि काठावर उभा राहिलो. नाव झोकात निघाली. बहिणीनं पिशवी मांडीवर घेऊन हात हलवला. अर्ध्या पाण्यात गेल्यावर आवाज चिरका झाला, मग दबला. पांढरी वाफ उठली आणि इंजिन बंद पडलं. डब्यातलं पाणी उकळून संपलं असणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि कळून काहीच उपयोग नव्हता. वारा नावेला आडवं ढकलत होता. मी हाका मारत होतो, काय ते आठवत नाही.

दाजी एका हातानं पाणी मागं लोटत होते आणि बहीण बसायची फळी उपटून ती दोन्ही हातांनी वल्ह्यासारखी मारत होती. अर्ध्या तासानं नाव काठाला लागली. तिच्या तळव्यांची साल निघाली होती.

"अगं, मला एकदा विचारायचं तरी," मी उगाच तिच्यावरच ओरडलो. माझी ही खोडच आहे, घाबरलो की ओरडतो.

"काय इचारायचं? दादानं बघितलंय म्हटल्यावर मी ह्यांना बी काय इचारलं नाय."

ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं. तिनं लुगड्याचा पदर पिळला, फळी जागेवर ठेवली आणि म्हणाली, "दुसरं बघशील ना, ते बी तूच बघ. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाय."

मी बघतो म्हणालो. त्या दिवसापासून तिचा फोन वाजला तरी मला घाम फुटतो.