शरणबसप्पांची लंगडी तार

उमरग्याच्या तार ऑफिसात शरणबसप्पांनी एकतीस वर्षं कडकट्ट केलं. तार बंद झाली, पण त्यांचं बोट काही निवृत्त झालं नाही. ताटाच्या काठावर, देवळात भजनाला बसल्यावर मांडीवर, ते वाजतच राहिलं. "या घरात आमी दोघी सवती नांदलो," गौराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "एक म्या आन् दुसरी ती कट्ट."

या कडकट्टला आता एकच गिऱ्हाईक उरलं होतं: परंड्याचे गौरीशंकर, त्या काळी तारेच्या पलीकडच्या टोकाला बसणारे. वर्षभरापासून त्यांना विस्मरण जडलं होतं. पोटच्या मुलाला ते पोस्टमन समजत आणि आरसा दिसला की अदबीनं नमस्कार करत. पण संध्याकाळी शरणबसप्पांनी मोबाईलजवळ तारयंत्राची जुनी कळ वाजवली, की पलीकडून चमचा टेबलावर ठोकत ते पहिला शब्द पाठवत, "शरणू!" आवाज ओळखत नसत, हात ओळखत. तारवाल्याचा हात म्हणजे त्याची चाल. शब्द संपवताना शरणबसप्पांचा शेवटचा लांब ठोका जरा रेंगाळायचा. गौरीशंकर त्याला 'लंगडी म्हैस' म्हणत. आपल्याला शरणू म्हणणारं जगात एवढंच एक माणूस राहिलंय, हे शरणबसप्पांना पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर त्यांच्या हाताला कंप सुटला. एका ठोक्याचे चार होऊ लागले. गौरीशंकरांनी चमचा खाली ठेवला. त्यांची सून हर्षाली फोनवर म्हणाली, "काका, ते म्हणतात, लाइनीवर गारा पडायल्यात."

शरणबसप्पा इरेला पेटले. बहात्तराव्या वर्षी व्हिडिओ बघबघून त्यांनी मायक्रोकंट्रोलर मागवला, दोन बोटांएवढी हिरवी पट्टी. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर करवतीची दोन पाती उभी केली. एका पात्याला बोट लागलं की यंत्र आखूड ठोका काढणार, दुसऱ्याला लागलं की लांब. मधली थरथर ते गाळून टाकणार. कथलाचा डाग द्यायला गौराबाईंनी सांडशीत तारा धरल्या. "भाकरी करपली तर तुमच्या मशीनला सांगा खायला," म्हणाल्या, पण तारा हलू दिल्या नाहीत.

यंत्र पहिल्या संध्याकाळी मोत्यांच्या माळेसारखं वाजलं. गौराबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं; तरी चुलीपासून त्या म्हणाल्या, "लई छान. पर हे तुमी न्हाय."

परंड्याहून चमचा वाजला, "कोण?"

मग शरणबसप्पांनी पाच दिवस खपून यंत्राला लंगडायला शिकवलं. शब्दाचा शेवटचा लांब ठोका सव्वापट. जिच्यापायी जन्मभर साहेबांची बोलणी खाल्ली, ती चूक त्यांनी मोजून मापून आत बसवली.

सहाव्या दिवशी गौरीशंकरांनी बराच वेळ ऐकलं. चमचा हळूहळू बोलू लागला, "शरणूची नक्कल चांगली करता. तो कुठंय?"

"मीच," शरणबसप्पांनी ठोकलं. दोनदा.

"थट्टा नको. त्याला बरं नाही का?"

"काय म्हनत्यात?" गौराबाईंनी पदराला हात पुसत विचारलं.

"तुजा नवरा कसाय, इचारतोय."

"मग सांगा की!"

शरणबसप्पांनी चष्मा पुसला. बोट पात्याला लावलं. "शरणू बरा आहे. रोज तुमची आठवण काढतो."

पलीकडे चमचा लगबगला, "म्हणावं, वाट बघतोय. आपण कोण?"

शरणबसप्पांनी बोट पुन्हा पात्याला टेकवलं.

"त्यांच्या जागी नवीन आलोय," त्यांनी कळवलं.