जूनचा स्तंभ

बाईंनी माझा चौकोन फळ्यावरून नखाने खरवडून काढला. सगळ्या वर्गासमोर.

आठवीत होते मी. सीवूड्सची शाळा. त्या दिवशी स्तंभालेख शिकायचा होता. प्रत्येकाने आपली जन्मतारीख सांगायची आणि रंगीत कागदाचा एक चौकोन त्या महिन्यावर चिकटवायचा. तुर्भ्याच्या झोपडपट्टीतून येणारी आम्ही सात-आठ मुलं. एकेक जण उठला. एक जून. एक जून. एक जून. दाखल्यावर तेच होतं ना आमच्या! बाकीचे महिने खाली राहिले, जून वरवर चढत गेला.

बाई हसल्या. "अरे, कुत्र्या-मांजरांची पिल्लंसुद्धा इतकी ठरवून एका दिवशी होत नाहीत!"

वर्ग खिदळला. मग त्यांनी आमचे सगळे चौकोन काढून टाकले. "हा डेटा खोटा आहे. उरलेल्यांचा आलेख काढा."

मी काढला. उरलेल्यांचा. पट्टी धरून, नीट.

संध्याकाळी आई पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून आली. मी विचारलं, "मी कधी जन्मले गं?" तिचा दमलेला चेहरा एकदम उजळला.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. गावाकडं ज्याच्या शेतात राबायचे त्या मालकाच्या बैलांच्या शिंगांचा रंग बी वाळला नव्हता."

"मग दाखल्यावर जून कसा?"

"पहिलीत नाव घालताना मास्तरला सांगितलं व्हतं की म्या. त्यो म्हनला, पोळा-बिळा चालत न्हाई, तुमच्या समद्यांचं एक जूनच लिवतो."

ती भाकरी थापायला बसली. "का गं? कुनी काय बोललं?"

"नाही," मी म्हणाले. तिला सगळं आठवत होतं, आणि तिचं कुणी लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला उभी राहिले.

"बाई, तारीख मास्तरांनी चुकीची लिहिली. माझी आई जनावर नाही. माझा चौकोन परत लावा."

"खाली बस."

"नाही बसणार."

"मग बाहेर हो. उद्या आईला आण माफी मागायला."

आई आली असती. खाडा करून आली असती. काय झालं हेही न विचारता हात जोडले असते तिने. जन्मभर तेच करत आली होती. व्हरांड्यात उभी राहून मी खूप रडले.

घरी काही बोलले नाही. सकाळी एकटीच शाळेत गेले.

"आई कुठाय?"

"येणार नाही."

"मग वर्गात यायचं नाही."

नाही गेले. दप्तर खाली ठेवलं आणि दाराबाहेर उभी राहिले. रोज उभं करा. वर्षभर करा. माझी आई तुमच्यापुढे हात जोडणार नाही.