उघड्या दाराकडे पाठ

मला राग फार लवकर येतो. एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मुलं मागून मला ‘लवंगी मिरची’ म्हणायची, आणि ते मला ठाऊक होतं. तेव्हा हे सगळं न चिडता सांगायचं म्हणजे माझी परीक्षाच आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या पूर्वजांना इकडचे लोक शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. दिघीजवळच्या आमच्या गावात एके काळी आमची बरीच घरं होती. कोणी इस्राएलला गेलं, कोणी मुंबईला. उरलो मी आणि माझी भाची. माझा भाऊ आणि भावजय ती लहान असतानाच वारले, तेव्हापासून ती माझ्याजवळ. गावात आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, अजून उभं आहे, आणि त्याची चावी शेजारच्या चाचांकडे असते. चाचा मुसलमान. बरीच वर्षं मस्कतला नोकरी करून परतलेले, आता नारळाचा धंदा करतात. त्यांच्या वडिलांकडेही हीच चावी असायची. मला आत जायचं असेल तर मी त्यांच्या पडवीत जाऊन हाक मारते, आणि ते जेवत असले तर गुपचूप थांबते.

आमच्या गावची एक रीत आहे. प्रार्थना चालू असताना दार लावायचं नाही. सिनेगॉगच्या दाराला समुद्रावरचा एक गुळगुळीत धोंडा लावलेला असतो, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. घरी मलिदा केला तरी तसंच. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलदोडे, वर फळं. नवस फेडायला किंवा देवाचे आभार मानायला तो करायचा, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या एलियाहू प्रेषिताचं, नाव घ्यायचं. त्या वेळी एलियाहू येतो असं आम्ही मानतो. तो यायचा आणि दार बंद असायचं, हे कसं चालेल? शिवाय चाचांना यायला नेहमी उशीर होतो, हेही एक कारण आहेच.

माझी भाची माणगावला कॉलेजात शिकत होती. कुठून तरी तिला कळलं की युरोपातल्या एका शहरात ज्यू तरुण-तरुणींचं तीन आठवड्यांचं शिबिर आहे. मानवी हक्क, लोकशाही आणि तिकडे पुन्हा डोकं वर काढत असलेला ज्यूद्वेष, यांवर तिथं बोलणं व्हायचं होतं. युरोपाबाहेरच्याही काहीजणांना बोलावणार होते. तिनं अर्ज भरायला घेतला. एका रकान्यात विचारलं होतं, ज्यू असल्यामुळे तुम्हाला काय सोसावं लागलं ते लिहा. पोर दोन दिवस पेन चावत बसली.

“आत्या, मला काहीच सोसावं लागलं नाही गं.”

“मग तसं लिही.”

“अशानं मला घेतील का? बाकीच्यांकडे सांगण्यासारखं किती असेल!”

“अगं बाई, मार खाल्ला नाही म्हणून रडतेस की काय?” मी म्हटलं. शेवटी तिनं लिहिलं की मला असा अनुभव नाही, आमच्या धर्मात कोलंबी चालत नाही, तर शाळेत एकदा डब्यात ती का नाही म्हणून विचारलं होतं एवढंच. त्यांनी तिला घेतलं.

मी वरवर हसत होते, पण आतून धास्तावले होते. आपली पोर परदेशात जाते याची भीती नव्हती. ती धीट आहे. भीती दुसरीच होती. आमच्या घरात वाढलेली ही मुलगी कुणालाच बिचकत नाही. खेळताना पडली की जे घर जवळ असेल त्यात शिरून पाणी मागायची. ती जशी चालली आहे तशीच मला परत हवी होती. मी नवस बोलले, पोर गेली तशी परत येऊ दे, मलिदा करीन. तिच्या बॅगेत जाडे पोहे, गुळाची ढेप आणि वेलदोड्यांची पुडी भरली. “तिथल्यांनाही खायला घाल,” म्हटलं. चाचा तिला माणगावला गाडीपर्यंत सोडून आले.

पहिल्या आठवड्यानंतरच्या रविवारी सकाळी मी अंगणात बांगडे साफ करत बसले होते. तिचा फोन आला. हुंदक्यांमुळे तिला बोलता येईना.

“आत्या, मी परत येते. मी फार वाईट केलंय.”

झालं होतं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना तिथल्या सिनेगॉगमध्ये नेलं. बाहेर पोलीस, मग लोखंडी दार, मग आणखी एक दार, आणि त्यापाशी शिबिरातलीच एक मुलगी पहाऱ्याला. तिथं पहाऱ्याची पाळी तरुणांना वाटून दिलेली असते. सगळे आत गेले, ती मुलगी क्षणभर कुणाला तरी जागा दाखवायला वळली. माझ्या भाचीनं पाहिलं की मागचं दार आपोआप बंद होतंय आणि प्रार्थना तर सुरू झाली आहे. घरची सवय. इकडेतिकडे धोंडा शोधला, मिळाला नाही. मग तिनं दाराला स्वतःची बॅग लावली आणि आत जाऊन निवांत बसली.

उघडं दार, आणि त्यात कुणाची कोण जाणे अशी बॅग. पुढचं मी सांगायला नको. ओरडा झाला, लोकांना मागच्या वाटेनं बाहेर काढलं, पोलीस धावून आले. त्यांनी बॅग उघडली तर आत पोहे, गूळ आणि वेलदोडे. त्या पहारेकरी मुलीनं हिला सगळ्यांदेखत वेड्यासारखं झापलं.

माझं डोकंच फिरलं. हातातला बांगडा परातीत आपटला. “ही कसली माणसं! देवाच्या घराला कड्या घालतात आणि माझ्या पोरीला बोलतात? ये तू निघून. काही अडलं नाही आपलं त्यांच्यावाचून!”

“आत्या, थांब. ऐक ना.” ती म्हणाली. “ओरडा झाला तेव्हा तिथली लहान मुलं रडली नाहीत. सगळी बाकाखाली गेली. गप्प. हात डोक्यावर. माझ्या शेजारी पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती, तिनं माझा स्कर्ट ओढला, तूपण खाली ये म्हणून. त्यांना शाळेत शिकवलेलं असतं, आत्या.”

आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण हे शिकवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बांगडे तसेच टाकून मी पायरीवर बसून राहिले.

शिबिर चालवणाऱ्यांनी हिला घरी पाठवायचं जवळजवळ ठरवलंच होतं. पण शिबिराचा नियम असा की मोठे निर्णय मतानं घ्यायचे. सोमवारी सगळे जमले. कोण काय बोललं ते तिनं मला नंतर सांगितलं. हिच्या बाजूनं सगळ्यांत आधी उठली ती तीच पहारेकरी मुलगी. म्हणाली, चूक माझीही आहे, मी दारापासून हलले. पण हिला पाठवू नका. जिथं प्रार्थनेला दार उघडं ठेवतात असं एक गाव आहे, त्याबद्दल मला ऐकायचंय. हात वर झाले आणि पोर राहिली.

त्यानंतर त्या दोघींची गट्टीच जमली. ती मुलगी अठराव्या वर्षापासून दारावर उभी राहते. एरवी शाळाशाळांतून जाते, मुलांना म्हणते, विचारा मला काय विचारायचं ते, मी ज्यू आहे. मुलं भलतंसलतं विचारतात, ती न चिडता उत्तरं देते. मला जमलं नसतं. गळ्यातला सहा टोकांचा तारा, ज्यूंची खूण, मात्र बसमध्ये बसताना सदऱ्याच्या आत टाकते. त्यांच्या शहरातल्या मशिदीच्या भिंतीवर कुणी घाण लिहिलं तेव्हा ही सगळी पोरं बादल्या घेऊन ती पुसायला गेली होती. मी ज्यांना ‘कसली माणसं’ म्हटलं होतं ना, ती ही माणसं. माझी मलाच लाज वाटली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायची पाळी हिची होती. आदल्या दिवशी फोन केला. “आत्या, हक्क म्हणजे काय गं?”

मी लागले घडाघडा म्हणायला. समानतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा...

“पुस्तकातलं नको गं.”

“मग तूच सांग, शहाणे.”

तिनं जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. मी आजवर प्रार्थनेला कायम दाराकडे पाठ करून बसले, आणि असं बसता येणं ही काही मोठी गोष्ट आहे हे मला माहीतच नव्हतं. इथं माझ्याएवढी मुलगी दारावर उभी असते, ती एकदाही तशी बसलेली नाही. मला वाटतं, हक्क म्हणजे दाराकडे पाठ करून बसता येणं. सिनेगॉगमध्ये, मशिदीत, देवळात, कुठंही. आणि ते सगळ्यांना आलं पाहिजे.

इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवून मला हे एवढं सरळ सांगता आलं नव्हतं. “बरंय,” म्हटलं आणि फोन ठेवला.

ती परत आली. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरली, मी आणि चाचा धक्क्यावर उभेच होतो. वाळली होती, पण हसत होती. चार दिवसांत मी घरी नवसाचा मलिदा ठरवला. म्हसळ्याहून प्रार्थना म्हणणारे एक वृद्ध गृहस्थ आले, मुरूडहून दोन घरं आली. दार उघडं होतं. सगळे बसले आणि मी पाहिलं, पोर भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसली आहे. म्हटलं, असेल, हवा लागत असेल. पण ती प्रार्थनेच्या पुस्तकात बघत नव्हती. अंगणात पान हललं तरी तिची नजर तिकडे जायची.

प्रार्थना अर्ध्यावर आली असताना चाचा आले. नेहमीसारखेच उशिरा, नेहमीसारखेच न बोलता, हातात चार शहाळी. दारात त्यांची सावली पडली मात्र, माझी पोर ताडकन उठली आणि डोक्यावर हात घेऊन भिंतीशी सरकली.

प्रार्थना थांबली. चाचा उंबऱ्यातच उभे. या माणसानं तिला सायकल शिकवली होती. ताप आला तेव्हा खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेलं होतं. राग आला, पण कुणावर काढू? त्यांच्यावर? तिच्यावर? त्या लांबच्या शहरावर? देवाला म्हटलं, गेली तशी परत आण म्हटलं होतं ना रे मी!

पोर रडायला लागली. “चाचा, माफ करा. मला कळत होतं तुम्हीच आहात. पण अंगाला कळलंच नाही.”

चाचांनी शहाळी खाली ठेवली. “रडू नको बेटा. मला म्हायती हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मस्कतला जायच्या आधीची गोष्ट हाय. मुंबईत दंगल झाली त्या साली मी तिकडंच कामाला होतो. गावी आलो तवा सहा महिने दाराकडं तोंड करूनच जेवायचो. पाठ केली की घास उतरायचा न्हाय. कुणाला बोललो न्हाय.”

इतकी वर्षं शेजार, आणि हे मला ठाऊक नव्हतं. सहा महिने हा माणूस आमच्या भिंतीपलीकडे दाराकडे बघत जेवत होता आणि मी नागरिकशास्त्राचे पेपर तपासत होते.

मी उठले. म्हटलं, आजच्या दिवस दार लोटून घेऊ, रीत गेली खड्ड्यात. माझा हात दाराला लागलाही होता.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” चाचा म्हणाले. त्यांनी पडवीतली लाकडी खुर्ची ओढली, उंबऱ्याबाहेर ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून तिच्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दारावर पहारा बसला.

“बेटा, तू फिरून बस,” ते मागं न बघता म्हणाले. “दाराकडं मी बघतो.”

पोरीनं डोळे पुसले, भिंतीपासून मध्ये आली आणि दाराकडे पाठ करून बसली. म्हसळ्याच्या गृहस्थांनी थांबली होती तिथून प्रार्थना पुन्हा सुरू केली. मलिद्याचं पहिलं ताट मी बाहेर खुर्चीवर नेऊन दिलं.